दारू सुटावी म्हणून दुसरा दारुडा शोधणारे बिल विल्सन

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, ईस्ट डॉर्सेट या खेड्यात १८९५ साली बिल विल्सन यांचा जन्म झाला. पुढे न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात त्यांनी चांगला पैसा कमावला. पण दारूनं सगळं घालवलं. पत्नी लोइस दुकानात नोकरी करून घर चालवायच्या. डिसेंबर १९३४ मध्ये विल्सन चौथ्यांदा दवाखान्यात भरती झाले आणि दारू थांबली.

खरी परीक्षा पुढंच होती. मे १९३५ मध्ये ते धंद्याच्या कामासाठी अ‍ॅक्रन शहरात गेले. काम फिसकटलं. परक्या गावात एकटे, हॉटेलातच बार. पाय तिकडं वळणार, तेवढ्यात त्यांनी फोन उचलला. चर्चवाल्यांना विचारलं, दारू सुटत नसलेला कुणी माणूस इथं असेल तर भेट घालून द्या.

त्यातून डॉ. बॉब स्मिथ यांची गाठ पडली. डॉक्टर १५ मिनिटांच्या बोलीवर आले आणि सहा तास बसले. कारण विल्सन उपदेश करत नव्हते, आपलीच कहाणी सांगत होते. १० जून १९३५ नंतर डॉक्टरांनीही दारू घेतली नाही. हाच दिवस अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे 'एए'चा स्थापना दिवस मानतात.

लोइस यांनी १९५१ साली दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन उभं केलं. विल्सन १९७१ साली वारले, तोवर दारूला शिवले नाहीत.

आज महाराष्ट्रातही एएच्या मिटिंगा मराठीत भरतात. फी नाही, नाव बाहेर फुटत नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट.