विश्लेषण : पिलाटेसचा ‘कोअर’ आणि नौलीचे एक्स-रे... स्वामी कुवलयानंदांनी व्यायामाला मोजपट्टी का लावली?

धरमपेठेत कोचिंग क्लास आणि जिमच्या पाट्यांच्या गर्दीत आता ‘पिलाटेस’ची पाटीही दिसू लागली आहे. कंबरदुखीने त्रासलेल्या मोठ्या माणसांचा म्हणून ओळखला जाणारा हा व्यायाम आता पोहणाऱ्या, बॅडमिंटन किंवा क्रिकेट खेळणाऱ्या शाळकरी मुलांसाठीही सुचवला जातो. पोटाचे स्नायू, श्वास आणि हालचालीवरचा ताबा या तीन गोष्टींवर त्याचा सगळा भर. याच तीन गोष्टी घेऊन, त्यांना एक्स-रे यंत्र आणि दाबमापकाची जोड देऊन, शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रात एक मराठी शिक्षक कामाला लागले होते. त्यांचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखते.

पिलाटेसशी त्यांचा संबंध काय?

थेट संबंध काहीच नाही. पण योगायोग मोठा आहे. कुवलयानंदांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा आणि जोसेफ पिलाटेस यांचा ९ डिसेंबर १८८३ चा. म्हणजे दोघांच्या वयात जेमतेम सव्वातीन महिन्यांचे अंतर. पिलाटेस जर्मनीतील मोंशनग्लाडबाखचे. लहानपणी ते सतत आजारी असत, म्हणून व्यायामाच्या मागे लागले. पुढे ते इंग्लंडला गेले आणि पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून आयल ऑफ मॅनच्या छावणीत स्थानबद्ध झाले. तिथे त्यांची व्यायामपद्धती आकाराला आली. खाटांना स्प्रिंगा जोडून आजारी कैद्यांकडून व्यायाम करून घेतल्याची प्रसिद्ध गोष्ट याच छावणीतली सांगितली जाते. १९२६ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि तिथे नर्तक त्यांच्याकडे येऊ लागले. आपल्या पद्धतीला ते ‘कंट्रोलॉजी’ म्हणत, म्हणजे ताब्याचे शास्त्र. पिलाटेस हे नाव नंतर रूढ झाले. त्या नावावर कुणाचीही मालकी नाही, असा निकाल २००० मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने दिला. त्यामुळे आज कुणीही ही पाटी लावू शकतो. धरमपेठेतल्या पालकांनी शिकवणाऱ्याचे प्रशिक्षण विचारून घेणे का गरजेचे आहे, ते यावरून कळावे.

पिलाटेस यांना आपल्या पद्धतीच्या परिणामांविषयी तिळमात्र शंका नव्हती. कुवलयानंदांना होती. दोघांतला महत्त्वाचा फरक इथेच आहे.

डभोईचा मुलगा व्यायामाकडे कसा वळला?

बडोदा संस्थानातील डभोई हे त्यांचे जन्मगाव. घरची परिस्थिती बेताची, त्यात आईवडिलांचे छत्र लवकर हरपले. तरीही १९०३ च्या मॅट्रिक परीक्षेत त्यांनी संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवली आणि शिक्षणासाठी बडोदा गाठले. तो काळ लोकमान्य टिळकांचा होता. अरविंद घोषही काही वर्षे बडोद्यातच शिकवत होते. देशासाठी काहीतरी करायचे आणि त्यासाठी आधी शरीर कमवायचे, ही त्या पिढीची समजूत होती. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये उभे राहिले तेही याच हवेत.

बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिर होते आणि तिथे राजरत्न माणिकराव. माणिकरावांची ख्याती वस्ताद म्हणून होती, तशी हाडवैद्य म्हणूनही. १९०७ ते १९१० अशी सुमारे तीन वर्षे गुणे त्यांच्या हाताखाली तयार झाले. पुढे ते अंमळनेरला खान्देश एज्युकेशन सोसायटीत शिक्षक म्हणून गेले. साने गुरुजी नंतर शिकवायला आले, तीच ही संस्था. तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांनी सांभाळले. थोडक्यात, संन्याशाचे नाव घेण्याआधी हा माणूस पुरता मास्तर होता. पुढच्या आयुष्यातही त्यांच्यातला मास्तर सुटला नाही.

एक्स-रे काढण्याची गरज का पडली?

१९१९ च्या सुमारास नर्मदाकाठच्या मालसर येथे त्यांची परमहंस माधवदासजींशी भेट झाली. वयोवृद्ध माधवदासजींकडून त्यांनी योगाचा अभ्यास केला. पण डोक्यात संस्कृतसोबत महाविद्यालयीन शिक्षणाने आलेली शंकाही होती. गुरू सांगतात ते परिणाम अनुभवाला येतात, पण शरीरात नेमके घडते काय?

त्या काळात हा प्रश्न विचारणे दोन्ही बाजूंनी अडचणीचे होते. परंपरेतल्यांना यंत्र लावणे हा अविश्वास वाटे. इंग्रजी शिकलेल्यांना योग म्हणजे खिळ्यांच्या गादीवरच्या गोसाव्याचा खेळ वाटे. गुणे यांनी १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या रुग्णालयात आपल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. उड्डियान आणि नौली या दोन क्रिया चालू असताना त्यांचे एक्स-रे घेतले.

उड्डियानात आधी श्वास पूर्ण बाहेर सोडतात. मग घसा बंद ठेवून श्वास घेतल्यासारख्या बरगड्या फुलवतात, पण हवा आत येऊ देत नाहीत. छातीची पोकळी मोठी होते, आत हवा नसते, त्यामुळे श्वासपटल वर ओढले जाते आणि पोट पाठीला लागल्यासारखे खोल जाते. नौली ही त्यापुढची पायरी. खपाटीला गेलेल्या पोटाच्या मधोमध असलेले दोन उभे स्नायू तेवढेच आवळून दोरखंडासारखे पुढे काढायचे. बघणाऱ्याला ही निव्वळ करामत वाटते.

हठयोगात आणखी एक क्रिया आहे, बस्ती. त्यात पिचकारी किंवा पंपाशिवाय पाणी मोठ्या आतड्यात ओढले जाते. ते कसे, याचे उत्तर कुवलयानंदांना दाबमापकाने दिले. नौली चालू असताना आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, म्हणून पाणी आत येते. चमत्कार नाही, गूढ वायू नाही, साधे भौतिकशास्त्र. या निर्वाताला त्यांनी गुरूचेच नाव दिले, ‘माधवदास निर्वात’. गुरूवरची श्रद्धा आणि यंत्रावरचा विश्वास एकाच शब्दात बसवण्याचे असे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

१९२४ च्या ऑक्टोबरमध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू झाले. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिकही निघाले. त्याच्या अंकांत एका भागात प्रयोगशाळेतील मोजमापे, तर दुसऱ्या भागात सामान्य वाचकाला करता येतील अशी आसने असत. नौलीची एक्स-रे छायाचित्रे त्यात छापली गेली. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी आपल्या रक्तदाबासाठी त्यांच्याशी पत्रव्यवहार करून सल्ला घेतला. येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहनन यांनी लोणावळ्यात शिकून १९३७ मध्ये योगावर वैज्ञानिक दृष्टीने पुस्तक लिहिले.

मोजमाप समजुतीच्या विरोधात गेले तेव्हा काय केले?

प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, हे वाक्य आजही प्रत्येक बागेतल्या वर्गात ऐकू येते. ‘मोजून पाहू’ म्हणणाऱ्या माणसाची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते. कुवलयानंदांनी श्वासातील वायूंचे मापन केले आणि प्राणायामाचे महत्त्व जादा प्राणवायूत नाही, असे मांडले. त्यांच्या मते खरा परिणाम मज्जासंस्थेवरचा. आपल्याच क्षेत्रातली लोकप्रिय समजूत आपल्याच नियतकालिकातून खोडायला हिंमत लागते.

अर्थात त्यांचे सगळेच दावे टिकले असे नाही. सर्वांगासनाने थायरॉइड ग्रंथीला जास्त रक्त मिळून तिचे काम सुधारते, हा त्यांचा तर्क त्या काळच्या ग्रंथीविषयक कुतूहलातून आला होता. तो योगाच्या असंख्य पुस्तकांत शिरला. मात्र तो प्रयोगाने सिद्ध झालेला निष्कर्ष नाही. शिवाय त्यांचे प्रयोग मोजक्या सरावलेल्या लोकांवर झाले होते. आज औषध तपासताना जशी तुलनेसाठी दुसरी तुकडी ठेवतात, तशी पद्धत तेव्हा वैद्यकातही रुळलेली नव्हती. दाब मोजण्याचे काम भक्कम होते, आजार बरे होण्याविषयीचे दावे तितके नव्हते. हा फरक त्यांच्या नावाने शिकवणाऱ्यांनी नेहमीच पाळला, असे म्हणता येत नाही.

शाळेच्या मैदानापर्यंत योग कसा आला?

एकांतातला योगी आणि पन्नास मुलांचा वर्ग यांचा मेळ कसा घालायचा? इथे माणिकरावांच्या तालमीतली शिस्त कामी आली. कुवलयानंदांनी आसनांचे टप्पे पाडले, आज्ञा ठरवल्या आणि सगळ्या वर्गाला एकत्र करता येईल असा क्रम बांधला. १९३० च्या दशकात ‘यौगिक संघ व्यायाम’ या नावाने तो पुस्तकरूपाने आला. त्याचा उपयोग मुंबई प्रांताबरोबर संयुक्त प्रांतातील, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातील शाळांसाठीही झाला.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. त्याने शारीरिक शिक्षणासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद कुवलयानंदांकडे होते. पुढच्याच वर्षी शारीरिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी कांदिवलीत सरकारी संस्था सुरू झाली. शाळेत व्यायाम हवा तर आधी तो शिकवणारा तयार हवा, हे तेव्हा सरकारला पटले होते. आज दहावीच्या वर्षात पीटीचा तास गणिताला दिला जातो, तेव्हा ती समिती आठवायला हरकत नाही.

पिलाटेसच्या तुलनेत हा मुद्दा मोठा आहे. पिलाटेस यांची पद्धत स्टुडिओत वाढली. एक शिक्षक, मोजके शिष्य, स्प्रिंगांची यंत्रे. त्यामुळे प्रत्येकाच्या चुकीवर लक्ष राहते, पण शुल्क भरणाऱ्यालाच ती मिळते. संघ व्यायाम फुकट, सतरंजीही नसली तरी चालणारा, पण मागच्या रांगेतल्या मुलाची कंबर वाकडी आहे हे शिक्षकाला दिसेलच असे नाही. नागपुरात मात्र तिसरी वाटही आहे. धरमपेठेला लागूनच असलेल्या रामनगरात जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ आहे. जनार्दनस्वामींनी घालून दिलेल्या पद्धतीने मंडळाचे साधक शहरात ठिकठिकाणी विनामूल्य वर्ग घेत आले आहेत. ती परंपरा कुवलयानंदांची नव्हे, स्वतंत्र आहे.

खेळणाऱ्या मुलांना यातले काय उपयोगी?

इथे एक गल्लत टाळायला हवी. पिलाटेसमध्ये पोट आत घेतात आणि उड्डियानातही घेतात, म्हणून दोन्ही एकच असे अनेकदा सांगितले जाते. बाहेरून सारखे दिसले तरी आत उलटे घडते. पिलाटेस किंवा प्लँकमध्ये श्वासपटल, पोटाचे खोलवरचे स्नायू, पाठीच्या मणक्यांलगतचे स्नायू आणि ओटीपोटाचा तळ एकत्र आवळले जातात. बंद डब्यासारखा पोटातला दाब वाढतो आणि मणक्याला आधार मिळतो. शटल उचलायला झेपावताना किंवा चेंडू टाकताना हाच आधार कामी येतो. उड्डियानात दाब कमी होतो. त्यातून श्वासावर आणि पोटाच्या स्नायूंवर ताबा येतो, पण वजन पेलण्याचा तो व्यायाम नव्हे.

पिलाटेसवरच्या अभ्यासांतून धडाच्या स्नायूंची चिवटता आणि लवचिकता वाढते, असे बऱ्यापैकी दिसले आहे. त्याने दुखापती टळतात किंवा खेळातली कामगिरी हमखास सुधारते, याचा पुरावा मात्र अजून तोकडा आहे. बारा ते पंधरा या वयात हाडे झपाट्याने वाढतात आणि स्नायू मागे राहतात. मांडीचा मागचा भाग आखडतो, कंबरेवर ताण येतो. बॅडमिंटन किंवा वेगवान गोलंदाजीसारख्या एकाच बाजूने जोर लावायच्या खेळात हा ताण आणखी वाढतो. अशा मुलांना आठवड्यातून दोन-तीनदा सावकाश, ताब्यात राहून केलेला व्यायाम फायद्याचाच, मग त्याचे नाव पिलाटेस असो वा भुजंगासन आणि शलभासन. ही दोन्ही आसने पाठीच्या त्याच स्नायूंना कामाला लावतात. नौलीसारख्या क्रिया मात्र पुस्तक किंवा व्हिडीओ पाहून मुलांनी करू नयेत. त्या रिकाम्या पोटी, जाणत्या शिक्षकासमोरच करायच्या असतात. कंबर महिनाभर दुखत असेल तर आधी डॉक्टर, मग वर्ग.

अखेरची वर्षे

१९३२ मध्ये कैवल्यधामची मुंबईत शाखा निघाली. काही वर्षांतच चौपाटीजवळ ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर लोणावळ्यात योगाचे शिक्षक घडवणारे गोरधनदास सेक्सारिया महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा कुवलयानंद सत्तरीकडे झुकले होते. त्यानंतर यौगिक उपचारांसाठी रुग्णालयही झाले. आश्रमाला महाविद्यालय, रुग्णालय आणि प्रयोगशाळा एकाच आवारात जोडण्याची ही रचना त्यांच्या डोक्यात सुरुवातीपासून होती. पैसा जमवण्यात मात्र आयुष्याचा मोठा भाग गेला.

१८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये जोसेफ पिलाटेसही गेले. ‘योगमीमांसा’ आजही लोणावळ्याहून निघते.