आंदणात सोलापूरचा किल्ला आणणारी राणी

सिद्धेश्वर तलावाच्या काठचा आपला भुईकोट किल्ला तुम्ही अनेकदा पाहिला असेल. रविवारी मुलाबाळांना घेऊन तेथे जाता, तेव्हा एक गोष्ट त्यांना जरूर सांगा. हा किल्ला एकेकाळी एका मुलीच्या लग्नात आंदण म्हणून दिला गेला होता. ती मुलगी म्हणजे चांदबिबी. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची ती लेक. सोलापूरच्या किल्ल्यावरून नगर आणि विजापूर ही दोन राज्ये वर्षानुवर्षे भांडत होती. शेवटी विजयनगरविरुद्ध एकजूट करायची ठरली, तेव्हा बापाने लेक विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर हा किल्लाही दिला. पुढे 1565 साली तालिकोटची लढाई झाली.

चांदबिबी घोड्यावर बसून लढली, एवढेच शाळेच्या पुस्तकात असते. मी स्वतः वर्गात कित्येक वर्षे तेवढेच शिकवले. पण तिच्यापुढचा खरा पेच तलवारीने सुटणारा नव्हता. तो पंथाचा होता.

मुसलमानांत सुन्नी आणि शिया असे दोन मोठे पंथ आहेत. पैगंबरांच्या मागे समाजाचे नेतृत्व कोणाकडे जायला हवे होते, यावरून हा भेद पडला. शुक्रवारी मशिदीत खुतबा वाचतात. त्यात कोणाची नावे घ्यायची, हे त्या काळी सुलतान ठरवी. विजापूरच्या पहिल्या सुलतानाने शिया खुतबा सुरू केला. 1534 साली इब्राहिम आला, त्याने तो बंद करून सुन्नी खुतबा आणला. 1558 साली त्याचा मुलगा अली गादीवर बसला, त्याने पुन्हा शिया खुतबा लावला. बाप एक, मुलगा दुसरा!

हा बदल मशिदीपुरताच राहत नसे. इराणातून आलेले सरदार बहुतेक शिया होते, तर येथले दख्खनी आणि आफ्रिकेतून आलेले हबशी बहुतेक सुन्नी. खुतबा बदलला की एका गटाच्या नोकऱ्या, जहागिरी जात आणि दुसऱ्याला मिळत. इब्राहिमने परदेशी सरदार काढून टाकले आणि हिशेबाचे दप्तर फारसीतून काढून येथल्या देशी भाषेत आणले. अलीने पुन्हा इराण्यांना जवळ केले. म्हणजे वाद वरवर श्रद्धेचा असला, तरी त्याच्या पोटात भाकरीचा प्रश्न होता. तुम्ही आम्ही विचार करून धर्म बदलला, कोणाच्या हुकुमाने नव्हे. म्हणून हा फरक तुमच्या चटकन ध्यानात येईल.

याच 1558 साली, तिकडे इंग्लंडमध्ये, एलिझाबेथ राणी झाली. तेथेही असेच चालले होते. बापाने पोपशी संबंध तोडला, भाऊ प्रॉटेस्टंट, बहीण कॅथलिक. त्या बहिणीने दोनशेहून अधिक प्रॉटेस्टंट जिवंत जाळले. एलिझाबेथने 1559 साली कायदा करून सर्वांना एकच प्रार्थनापुस्तक लावले, चर्चला न जाणाऱ्याला दंड ठेवला. मनात काय आहे ते ती फारसे उकरीत नसे. पण 1570 साली पोपने तिला बहिष्कृत केले, आणि पुढे तिच्याही राज्यात शंभराहून अधिक कॅथलिक फासावर गेले. तरीही तिच्या हाती मुकुट होता, तोही चव्वेचाळीस वर्षे. चांदबिबीच्या हाती मुकुट कधीच आला नाही. दोन्ही वेळा ती लहान मुलाच्या नावाने कारभार पाहणारी बाई होती.

1580 साली अलीचा खून झाला. गादीवर त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या दुसरा इब्राहिम बसला. चांदबिबी कारभार पाहू लागली. किश्वरखान नावाच्या सरदाराने तिला पकडून साताऱ्याच्या किल्ल्यात डांबले. तिला सोडवले ते हबशी सरदारांनी. म्हणजे शिया घरची राणी आणि सुन्नी सरदार तिचे सोबती. तेवढ्यात शेजारच्या राज्यांच्या फौजांनी विजापूरला वेढा घातला. परदेशी आणि दख्खनी सरदार हबशांच्या हाताखाली लढायला तयार होईनात. तेव्हा हबशांनीच बाजूला होण्याची तयारी दाखवली, आणि चांदबिबीने शाह अबुल हसन यास कारभारी नेमले. ज्या शाह ताहिरने नगरच्या निजामशहाला शिया केले, त्याचाच हा मुलगा. त्याने फुटलेल्या सरदारांना परत आणले, मराठ्यांची घोडदळे शत्रूच्या रसदेवर सोडली, आणि वेढा उठला. मला चांदबिबीच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. बुरुजावरच्या लढाईहूनही मोठी. ज्यांनी तिला सोडवले त्यांचा मान राखून तिने दुसऱ्या पंथाच्या माणसाला पुढे केले.

ते फार टिकले नाही. 1582 साली दिलावरखानाने सत्ता घेतली आणि पुन्हा सुन्नी खुतबा लावला. चांदबिबी पुढे माहेरी गेली, तर तेथे याहून वाईट. 1589 साली नगरात परदेशी लोकांची कत्तल झाली. जमालखान या महदवी पंथाच्या सरदाराने आपला पंथ राज्याचा पंथ केला. 1591 साली तो रोहिणखेडच्या लढाईत पडला आणि नव्या सुलतानाने शिया पंथ परत आणला. दोन वर्षांत दोनदा!

1595 साली गादीसाठी चार गट चार दावेदार घेऊन उभे राहिले. त्यांपैकी मियाँ मंजू याने अकबराच्या मुलाला, मुरादला, बोलावून घेतले. मोगलांनी सुरुंग लावून तट पाडला, तेव्हा चांदबिबी बुरखा घेऊन, हाती तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट बांधून घेतला. मदतीला सुन्नी विजापूर आणि शिया गोवळकोंडा दोघांच्या फौजा निघाल्या होत्या. 1596 साली वऱ्हाड देऊन तिने तह केला.

1600 साली मोगल पुन्हा आले. आता किल्ला टिकणार नाही, बाल सुलतान बहादूरला घेऊन तह करून बाहेर पडावे, असे तिच्या मनात आले. हे ऐकून किल्ल्यातल्याच एका सरदाराने ती मोगलांना फितूर झाल्याची हाकाटी केली. जमाव तिच्या महालात घुसला आणि तिला ठार केले. मारणारे मोगल नव्हते, तिच्याच तटावर उभे राहणारे लोक होते. काही आठवड्यांतच किल्ला पडला. बहादूरला कैद करून ग्वाल्हेरला नेले.

आजच्या अहिल्यानगरजवळ डोंगरावर एक तीन मजली इमारत आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात, सहली नेतात. पण ती सलाबतखान नावाच्या सरदाराची कबर आहे.