पूल ओलांडताना सोडलेलं ओझं

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७



हा आठवडा मी गावी, सास्तूरला आहे. येताना बॅगेत योगाची चटई आणली आणि मनात थोडी लाज. कारण पाडव्याला १०८ सूर्यनमस्कारांचा संकल्प सोडला होता. नवव्या दिवशी पाठ धरली, दहाव्या दिवशी अलार्म बंद केला आणि अकराव्या दिवशी मोबाईलमधलं ते नोंदी ठेवणारं ॲपच काढून टाकलं. तुमच्यापैकी कितीतरी जणांचं असंच होतं, हे तुमच्या मेसेजमधून कळतंच की.

आजचे दोन श्लोक नेमके यावरच आहेत. भगवंत अर्जुनाला सांगतात की फार खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं, फिरणं, काम, झोप, जागरण सगळं मापात आहे, त्याचाच योग दुःख दूर करतो. वाचायला सोपं वाटतं. पण हे माप शिकायला गीता जगणाऱ्या माणसालाही किती वर्षं लागली, ते आज बघूया. आज विनोबांची गोष्ट.

विनायक नरहर भावे. जन्म ११ सप्टेंबर १८९५, कुलाबा म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातलं गागोदे. आई रुक्मिणीबाई अत्यंत भाविक. मुलगा लहानपणापासून हट्टी म्हणावा इतका निश्चयी. दहाव्या वर्षीच ब्रह्मचर्याचा निश्चय केला. पुढे बडोद्याला शिकत असताना शाळेची प्रमाणपत्रं आईच्या चुलीत घातली. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसले, पण सुरतेला उतरले आणि थेट काशी गाठली. एकदा ठरलं की ठरलं!

काशीत असताना गांधीजींच्या भाषणाबद्दल वाचलं, पत्रं लिहिली आणि ७ जून १९१६ ला अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात दाखल झाले. पहिल्याच भेटीत गांधीजींच्या नजरेत काय भरलं? तर या तरुणाची खंगलेली तब्येत. आत्मज्ञानाच्या मागे लागलेला माणूस धट्टाकट्टा नसेल एक वेळ, पण तो आजारी दिसता कामा नये, असं त्यांनी सुचवलं. वीस वर्षांच्या मुलाला हे चांगलंच लागलं असणार.

पुढच्याच वर्षी विनोबा एक वर्षाची रजा घेऊन वाईला गेले. प्राज्ञ पाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे उपनिषदं, ब्रह्मसूत्रं असा अभ्यास करायचा आणि तब्येतही सुधारायची, असे दोन हेतू. तिथून त्यांनी गांधीजींना लांबलचक पत्र पाठवलं, त्यात अभ्यासासोबत शरीराचाही हिशोब दिला. आधी रोज दहा-बारा मैल चालणं. मग सहा ते आठ शेर दळण. आणि त्यानंतर ३०० सूर्यनमस्कार. तब्येत सुधारली. वर्ष संपलं त्याच दिवशी ते आश्रमात परत हजर!

आता इथे आपण फसतो. आपल्याला ३०० हा आकडा दिसतो आणि आपण चटई पसरतो. आधीचं चालणं आणि दळण दिसत नाही.

पण गंमत अशी की फसायची वेळ विनोबांवरही आली. १९२१ मध्ये ते वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी घ्यायला आले. ७ ऑक्टोबर १९३० ला गीताई लिहायला घेतली. आईला संस्कृत गीता समजत नव्हती आणि तू स्वतःच मराठीत कर ना, असं ती कधीतरी म्हणाली होती. ती १९१८ मध्येच गेली, पण तिचं म्हणणं मनात राहिलं होतं. ६ फेब्रुवारी १९३१ ला काम पूर्ण झालं. सातशे श्लोक, चार महिने. पुढच्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली.

म्हणजे सहावा अध्याय त्यांनी मराठीत आणला होता, कैद्यांना समजावून सांगितला होता. आणि तरीही शरीराचं माप सुटलं. वर्ध्याजवळ नालवाडीला राहायला गेल्यावर त्यांनी एक प्रयोग मांडला. सूत कातणाऱ्या गरीब माणसाला जेवढी मजुरी मिळते, तेवढ्यातच आपण जगायचं. रोज तासन् तास कातायचं आणि त्या मजुरीत बसेल तेवढंच खायचं. हेतू सोन्यासारखा होता. पण शिवाय आश्रमाची कामं, शिकवणं, माणसं, चिंता हे होतंच. शरीर हळूहळू खंगत गेलं. १९३८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्यांचं वजन उरलं ८८ पौंड. म्हणजे जेमतेम चाळीस किलो. जवळच्या माणसांना धास्ती वाटावी अशी अवस्था.

गांधीजींनी बोलावून घेतलं. माझ्याजवळ राहा, मी तुझी शुश्रूषा करतो, असं त्यांचं म्हणणं. विनोबांना ते पटेना. बापूंच्या मागे आधीच एवढी कामं, एवढे रुग्ण, त्यात आपली भर कशाला? मग थंड हवेच्या ठिकाणी जा, असं सुचवलं गेलं. शेवटी जमनालाल बजाज यांचा पवनारला धाम नदीकाठी बंगला होता, तिथे जायचं ठरलं. गांधीजींची अट एकच. मनावर कसलंही ओझं न ठेवता जायचं. आश्रमाचा विचारसुद्धा करायचा नाही.

७ मार्च १९३८. गाडी धाम नदीच्या पुलावर आली आणि विनोबांनी मनातल्या मनात तीनदा म्हटलं, की मी सगळं सोडलं.

मंडळी, मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच वाटतो. तब्येत सुधारायला निघालेल्या माणसाने पहिला संकल्प काय केला? तर सोडण्याचा. आपण नवा नेम धरतो तो आधीच्या सगळ्या ओझ्यावर आणखी एक म्हणून. ऑफिस तेच, रात्रीचा मोबाईल तोच, चिडचिड तीच आणि वर पहाटे पाचची साधना. मग ती किती दिवस टिकणार?

पवनारला विनोबा दुसरं काय करायचे? खोदायचे. हातात कुदळ घेऊन जमीन खोदायची. पहिल्या दिवशी अगदी थोडी मिनिटं. मग रोज झेपेल तेवढी भर. खोदताना मध्येच काही क्षण थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा सुरू. वाईत ३०० नमस्कार घालणारा माणूस इथे मिनिटं मोजत होता आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. असं वाढत वाढत काम तासांवर गेलं. दहा महिन्यांत वजन ८८ पौंडांवरून १२८ वर आलं. चाळीस पौंड!

आणि प्रसाद बघा कसा मिळाला. तिथल्या खोदकामात राम-भरत भेटीचं एक जुनं शिल्प सापडलं. सहा वर्षांपूर्वी धुळ्याच्या प्रवचनात विनोबा याच भेटीवर भारावून बोलले होते. तीच भेट आता दगडात, आपल्याच अंगणात! पुढे पवनारच्या आश्रमात त्याचीच पूजा सुरू झाली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १७ ऑक्टोबर १९४० ला ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदान सुरू झालं. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते, त्यात पोटाचं जुनं दुखणं. आहार थोडा आणि मोजून. पहाटे तीनच्या सुमारास उठायचं, प्रार्थना करायची, चालायला लागायचं. रोज दहा-बारा मैल. १० एप्रिल १९६४ ला पवनारला परतले तोवर देश पायी पालथा घातला होता आणि भूमिहीनांसाठी लाखो एकर जमीन दानात मागून घेतली होती. १५ नोव्हेंबर १९८२ ला, दिवाळीच्या दिवशी, त्यांनी पवनारलाच देह ठेवला.

विचार करा, १९३८ मध्ये ते आपल्या जुन्याच हट्टाने खंगत राहिले असते तर? भूदान झालंच नसतं. शरीर जपणं हा स्वार्थ नाही. ज्याचं काम करायचं आहे, त्याने दिलेलं ते हत्यार आहे. धार लावायची, मोडायचं नाही.

आज पहाटे अंगणात बसून हे लिहिताना आजीची आठवण आली. १९९३ च्या भूकंपात आमचं सास्तूर होत्याचं नव्हतं झालं. आजीचं देवघरही गेलं. त्याआधी तिचा नेम मोठा होता, पूजा, पोथी, हरिपाठ, एकादशा. पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेल्यावर तिने यातलं फक्त एकच धरलं. संध्याकाळी एक दिवा. बाकीचं सोडलं म्हणून तिने देवाची माफी मागितली नाही की स्वतःला दोष दिला नाही. हरिपाठ सहा-सात महिन्यांनी आला, पोथी त्यानंतर. पण तो दिवा शेवटपर्यंत चुकला नाही. तिला पवनारची गोष्ट माहीत असेल असं वाटत नाही. तिचं तिलाच कळलं होतं.

म्हणून आजचा नेम, अगदी छोटा. आज रात्री झोपण्याआधी तीन गोष्टी.

पहिली, उद्यापासून काय सोडायचं ते एकच ठरवा. जेवताना मोबाईल, रात्री बाराचं जागरण, काहीही.

दुसरी, काय धरायचं तेही एकच ठरवा आणि आजारी दिवशीसुद्धा जमेल एवढंच छोटं ठेवा. पाच नमस्कार, दहा मिनिटं चालणं.

तिसरी, हे कशासाठी करतोय ते देवापुढे मनात म्हणा. बारीक दिसायला, की कुणाच्या तरी उपयोगी पडायला?

आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी तेवढंच करा. कालचं भरून काढायला दुप्पट नको, तिथेच पाठ धरते, अनुभव आहे! दुखणं असेल तर डॉक्टरांना दाखवायचंच, त्यात हट्ट नको.

मी आज पाच नमस्कार घातले. ॲपमध्ये नोंद केली नाही.

उद्या याच अध्यायातले पुढचे श्लोक, वारा नसलेल्या जागी तेवणाऱ्या दिव्याचे.

राम कृष्ण हरी.