अल्पेच्छ आचार्य : धर्मानंद कोसंबी

महाराष्ट्रात पाली भाषेच्या अध्ययनाचा पाया ज्यांनी घातला, त्या आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे नाव आपल्या विहारांतून आणि वसतिगृहांतून जितक्या वेळा उच्चारले जावे, तितके उच्चारले जात नाही. याला कारणेही आहेत. ते आपल्या चळवळीतून आलेले नव्हते; गोव्यातील एका सारस्वत ब्राह्मण घरात त्यांचा जन्म झाला. नागपूरच्या धम्मदीक्षेपूर्वी नऊ वर्षे त्यांचे निधन झाले होते. तरीही आपल्या वंदनेतील सुत्ते आज देवनागरीत छापून मिळतात, त्रिपिटकाचा अर्थ मराठीतून समजून घेता येतो, यामागे या एका माणसाचे आणि त्याच्या शिष्यांचे कष्ट आहेत. निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र येणे उचितच, कारण त्यांचे शिक्षण घरापासून दूर, दुसऱ्याच्या अन्नावर, आणि अनेकदा अनोळखी भाषेच्या प्रदेशात झाले.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. प्रकृती लहानपणापासून नाजूक. शाळेचे शिक्षण अगदी थोडे. नारळीच्या बागायतीची देखरेख करावी, संसार सांभाळावा, एवढेच भविष्य त्यांच्यापुढे होते. विवाहही लहान वयातच झाला. अशा अवस्थेत 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी भगवान बुद्धांविषयी वाचले आणि त्या वाचनाने त्यांच्या मनाची जी पकड घेतली ती आयुष्यभर सुटली नाही. बुद्धांचा धर्म मुळातून जाणून घ्यायचा, मग त्यासाठी काहीही सोसावे लागो, असा निश्चय त्यांनी केला. गोव्यात त्यांना पाली शिकवील असे कोणी नव्हते. बुद्धांच्या जन्मभूमीतच त्यांची वाणी परकी झाली होती.

वडिलांच्या निधनानंतर, १८९९ च्या अखेरीस, त्यांनी घर सोडले. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली. संस्कृत आल्याशिवाय पुढचा मार्ग खुला होणार नाही हे ध्यानी घेऊन ते ग्वाल्हेरमार्गे काशीस गेले. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. पुढे बौद्ध धर्म जिवंत स्वरूपात पाहावा म्हणून नेपाळ गाठले; तेथे निराशा पदरी आली. बुद्धगयेस गेले, कलकत्त्यास गेले, आणि १९०२ मध्ये श्रीलंकेस पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या सान्निध्यात त्यांना श्रामणेर दीक्षा मिळाली आणि पालीचा अभ्यास सुरू झाला. त्यानंतर ब्रह्मदेशात त्यांनी उपसंपदा घेतली. तेथील सगाईंच्या गुहांत जर्मन भिक्खू ज्ञानत्रिलोक यांच्यासह त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला. पाली भाषेस स्वतःची अशी एकच लिपी नाही. सिंहलात ती सिंहली अक्षरांत लिहिली जाते, ब्रह्मदेशात ब्रह्मी अक्षरांत. शाळेत फारसे न शिकलेल्या या तरुणाने या लिपी एकामागून एक आत्मसात केल्या.

या प्रवासात त्यांना एक सवय जडली, आणि पुढील सर्व आयुष्याचा उलगडा त्या सवयीतून होतो असे मला वाटते. धम्मात तिला अल्पेच्छता म्हणतात. चीवर, भिक्षान्न, निवारा आणि औषध या चारच गोष्टी भिक्खूला आवश्यक मानल्या आहेत. धर्मानंद या चारांवर काही वर्षे प्रत्यक्ष जगले. पुढे त्यांनी चीवर उतरवले, गृहस्थाश्रमात परतले, तरी ही सवय मात्र उतरवली नाही.

येथे आपण सावध असले पाहिजे. ज्या समाजावर पिढ्यान् पिढ्या दारिद्र्य लादले गेले, त्याला कोणी थोडक्यात भागवण्याचे गुण सांगू लागला तर त्याच्याकडे संशयाने पाहणे योग्यच आहे. लादलेल्या उपासमारीत कसलाच सद्गुण नाही. आपल्या विद्यार्थ्यांना पोटभर अन्न, चांगली पुस्तके आणि उत्तम पगाराच्या नोकऱ्या मिळाल्याच पाहिजेत. धर्मानंदांची अल्पेच्छता निराळी होती, कारण अधिक मिळत असताना त्यांनी थोडे घेतले. आणि ते घेतले ते कोणते काम करायचे हे स्वतः ठरवता यावे म्हणून.

१९०६ मध्ये ते कलकत्त्यास आले. स्वदेशी चळवळीतून निघालेल्या नॅशनल कॉलेजात आणि नंतर कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. काही वर्षांपूर्वी अन्नछत्रात जेवणारा विद्यार्थी आता विद्यापीठात अध्यापक झाला होता. एखाद्याने येथेच समाधान मानले असते. परंतु धर्मानंदांच्या मनात बोचणी होती ती ही, की बंगालमध्ये पालीचे अध्यापन सुरू झाले, मराठी मुलखात मात्र त्याचा मागमूसही नाही. अशा वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचा प्रस्ताव आला. धर्मानंदांनी महाराष्ट्रात कोठेही राहावे, मराठीतून ग्रंथलेखन करावे, आणि त्यासाठी बडोदे संस्थानाकडून त्यांना दरमहा पन्नास रुपये मिळावेत, असा तो प्रस्ताव होता. कलकत्त्यास मिळू शकणारे वेतन याहून कितीतरी अधिक होते. घरी पत्नी होती, मुले होती. तरीही त्यांनी पन्नास रुपये स्वीकारले आणि ते पुण्यास आले.

हा निर्णय त्यागाच्या थाटात सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. मला तो हिशेबाचा निर्णय वाटतो. पन्नास रुपयांत आपले भागते हे ज्याला अनुभवाने ठाऊक असते, त्याला अधिक रकमेचा मोह बांधून ठेवू शकत नाही. त्या पन्नास रुपयांतून जे निघाले ते पाहावे. डॉ. भांडारकरांच्या पाठबळाने मुंबई विद्यापीठात पालीस स्थान मिळाले. १९१० मध्ये 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९१४ मध्ये 'बुद्धलीलासारसंग्रह' आला. साध्या वाचकाला समजेल अशा मराठीत, मूळ पालीच्या आधाराने बुद्धांविषयी लिहिण्याची वाट येथून रुंद झाली.

१९१२ ते १९१८ ही सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. नेतृत्व म्हणजे सभेत पुढे बसणे अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी ही सहा वर्षे अवश्य अभ्यासावीत. या काळात त्यांच्या हाताखालून पु. वि. बापट, ना. के. भागवत यांच्यासारखे विद्यार्थी तयार झाले. भागवतांनी पुढे अनेक पाली ग्रंथ देवनागरीत संपादित केले. बापट हे बौद्धविद्येचे जगन्मान्य पंडित झाले. आपण गेल्यानंतरही काम थांबणार नाही अशी माणसे उभी राहिली, तेव्हा धर्मानंदांनी ती जागा सोडली. एकदा बसवलेल्या आसनावर जन्मभर बसून राहण्याची वृत्ती त्यांच्यात नव्हती. फर्ग्युसन, गुजरात विद्यापीठ, पुढे परळचा विहार, प्रत्येक ठिकाणी त्यांनी काम मार्गी लावले आणि ते पुढे निघाले. संस्था काढणारे पुष्कळ असतात. वेळेवर ती दुसऱ्याच्या हाती देणारे थोडे.

अल्पेच्छ माणूस स्वाभिमानशून्य असतो असा कोणाचा समज असेल, तर त्यांच्या हार्वर्डमधील अनुभवाकडे पाहावे. अमेरिकेतील हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने आचार्य बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्ग या ग्रंथाचे संपादन हाती घेतले होते. ते अपुरे असतानाच १८९९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. ते काम पूर्ण करण्यासाठी १९१० मध्ये धर्मानंदांना हार्वर्ड विद्यापीठात पाचारण करण्यात आले. काम झपाट्याने पुढे गेले, परंतु संपादनाचे श्रेय कोणाच्या नावे असावे यावरून प्राध्यापक लॅन्मन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला आणि १९१२ मध्ये ते परतले. पैशाच्या बाबतीत थोडक्यात समाधान मानणारा हा माणूस श्रमाच्या श्रेयाबाबत मात्र तडजोडीस तयार नव्हता. तरी ग्रंथाशी त्यांनी वैर धरले नाही. त्या कामासाठी ते पुन्हा पुन्हा समुद्र ओलांडून गेले. अखेर विसुद्धिमग्गाची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईस भारतीय विद्या भवनाने काढली, आणि हार्वर्डची रोमन आवृत्ती १९५० मध्ये निघाली. ती पाहण्यास ते हयात नव्हते.

आता एका अवघड गोष्टीविषयी लिहिणे भाग आहे. १८९९ मध्ये धर्मानंदांनी घर सोडले तेव्हा त्यांची पत्नी बाळाबाई तरुण होती आणि थोरली मुलगी माणिक तान्ही होती. जवळजवळ सात वर्षे ते परत आले नाहीत. चरित्रकार या सात वर्षांचे वर्णन ज्ञानयात्रा म्हणून करतात, आणि ती ज्ञानयात्रा होतीच. परंतु तिची किंमत केवळ यात्रिकाने दिली नाही. बाळाबाईंना कोणी विचारले नव्हते. आपल्या विद्यालयात मूल सोडून गावी परतणाऱ्या पालकांना, आणि पहिल्या रात्री पांघरुणात तोंड लपवून रडलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना, ताटातूट म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. धर्मानंदांच्या बाजूने एवढे म्हणता येते, की ते परतले, आणि १९०६ मध्ये त्यांनी संसार पुन्हा उभा केला. १९१८ मध्ये ते दुसऱ्यांदा अमेरिकेस निघाले तेव्हा माणिक आणि दामोदर या दोन मुलांना त्यांनी बरोबर नेले. ज्या मुलीला पाळण्यात टाकून ते निघाले होते, ती पुढे रॅडक्लिफ कॉलेजची पदवीधर झाली. त्या काळात किती मराठी मुलींना हे साधले असेल? दामोदर म्हणजेच गणितज्ञ व इतिहासकार डी. डी. कोसंबी. पण या खेपेसही बाळाबाई भारतातच राहिल्या.

१९२२ मध्ये अमेरिकेतून परतल्यावर त्यांनी अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात काम केले. १९२९ मध्ये ते सोव्हिएत रशियात लेनिनग्राडला जाऊन आले. समाजवादाचे आकर्षण त्यांना पूर्वीपासून होते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्यास ते सामील झाले आणि त्यांनी तुरुंगवास भोगला. ग्रंथालयात बसणारा पंडित रस्त्यावर उतरला याचे अनेकांना नवल वाटले असेल. बहुजनांच्या हितासाठी चारिका करणाऱ्या भिक्खूंचा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला वाटणार नाही. १९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगारवस्तीत त्यांनी बहुजन विहार सुरू केला. इमारतीसाठी उद्योगपती बिर्ला यांचे साहाय्य होते. शहरातील सुखवस्तू भाग सोडून गिरण्यांच्या भोंग्यांजवळची जागा त्यांनी निवडली, आणि विहाराला नावही बहुजनांचेच दिले. दोन-अडीच वर्षांत ते तेथूनही बाहेर पडले.

त्यांच्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथाने मोठा वाद ओढवून घेतला. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही परंपरेने चालत आलेली कथा त्यांनी पुराव्याच्या कसोटीवर नाकारली, आणि शाक्य-कोलियांमधील शस्त्रसंघर्षाकडे लक्ष वेधले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हेच गृहत्यागाचे निमित्त म्हणून येते. दोघांच्या भूमिका सर्वत्र जुळत नाहीत. परंतु श्रद्धेच्या विषयातही बुद्धीने विचारल्याशिवाय काही मान्य करायचे नाही, ही शिस्त दोघांचीही होती. धर्मानंदांच्या या ग्रंथाची पुढे अनेक भारतीय भाषांत भाषांतरे झाली.

अखेरची वर्षे व्याधींत गेली. जैन परंपरेतील पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्यावर खोल प्रभाव पडला होता, आणि त्या प्रभावाखाली त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला. गांधीजींनी त्यांना एकदा त्यापासून परावृत्त केले होते. हा मार्ग बुद्धांच्या मध्यम मार्गाशी जुळतो असे मला वाटत नाही. आचार्यांविषयी संपूर्ण आदर ठेवून हे म्हणावेसे वाटते. ४ जून १९४७ रोजी वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमात त्यांचे निधन झाले.

जाण्यापूर्वी त्यांनी स्वतःसाठी एकच गोष्ट सांगून ठेवली होती : दहन आणि दफन यांपैकी ज्याला खर्च कमी येईल ते करावे. दुसरी इच्छा विद्यार्थ्यांसाठी होती. काही होतकरू तरुणांना पाली शिकण्यासाठी श्रीलंकेस पाठवावे, असे त्यांना वाटत होते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ते स्वतः तेथे गेले होते.