दळता-दळता देवाशी भांडणारी गंगाखेडची जनाबाई

गोदाकाठच्या गंगाखेडात जन्मलेली जनाबाई लहानपणीच पंढरपूरला, संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी कामाला लागली. दळण, कांडण, शेण्या वेचणं, सगळं तिच्याच अंगावर. देवळात बसायला वेळ कुठला? मग विठोबाच आपल्याला दळू लागतो, असं तिनं अभंगांतून सांगितलं. देवाला ती अरे-तुरे करायची, रागावली की शिव्याही घालायची. डोक्यावरचा पदर खांद्यावर घेऊन भरबाजारात जायची भाषा या बाईनं सुमारे ७०० वर्षांपूर्वी केली! विठ्ठलाचं पदक चोरल्याच्या आळापायी तिला सुळावर द्यायला नेलं, पण सुळाचंच पाणी झालं, अशी आख्यायिका आहे. आळ आला तोही मोलकरणीवरच. तिच्या नावावर आज ३०० च्या वर अभंग आहेत.