४२.३४ मीटरवरचा आवाज

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत गांधीजींसह काँग्रेसच्या जवळजवळ सर्व प्रमुख नेत्यांना अटक झाली. आदल्या रात्री गवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’चा ठराव मंजूर झाला होता. सभा-मिरवणुकांवर बंदी आली. वर्तमानपत्रांवर कडक निर्बंध आले. ऑल इंडिया रेडिओ तर सरकारचाच होता. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते आणि जपानी फौजा ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपल्या होत्या. अशा वेळी माणसाला अन्न, पाणी आणि औषधाइतकीच गरज असते ती खऱ्या बातमीची. ती मिळाली नाही, तर तिची जागा रिकामी राहत नाही. तिथे अफवा येऊन बसते.

ही उणीव ओळखून मुंबईतल्या काही तरुणांनी स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू केले. त्यांच्यात एक २२ वर्षांची विद्यार्थिनी होती, उषा मेहता.

उषा मेहता यांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतजवळच्या सरस या गावी झाला. वडील ब्रिटिश सरकारच्या न्यायखात्यात न्यायाधीश. त्यामुळे घरातून चळवळीला उत्तेजन मिळण्यासारखी परिस्थिती नव्हती. तरीही १९२८ मध्ये, अवघ्या आठव्या वर्षी, सायमन कमिशनच्या विरोधातल्या मोर्चात ही मुलगी सामील झाली. वडील १९३० मध्ये निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी कुटुंब मुंबईला आले. विल्सन कॉलेजातून १९३९ मध्ये त्यांनी तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवली आणि कायद्याचा अभ्यास सुरू केला. १९४२ च्या ऑगस्टने तो अभ्यास थांबवला.

बाबूभाई खाखर, चंद्रकांत झवेरी, विठ्ठलदास झवेरी अशा सहकाऱ्यांबरोबर त्यांनी गुप्त रेडिओचा बेत आखला. काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवणाऱ्या ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवानी यांनी साहित्य आणि तंत्रज्ञांची मदत दिली. भूमिगत असलेले डॉ. राममनोहर लोहिया भाषणे आणि मजकूर पुरवू लागले. ऑगस्टच्या अखेरीस ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ ऐकू येऊ लागला.

या आकड्याचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. ४२.३४ मीटर ही लहरीची लांबी. ती सेकंदाला सुमारे ७० लाख ८० हजार कंपनांएवढी, म्हणजे आजच्या भाषेत ७.०८ मेगाहर्ट्झ होते. हा लघुलहरींचा पट्टा. या लहरी जमिनीलगत फार दूर जात नाहीत. मात्र वर गेलेल्या लहरी वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावर आदळून पुन्हा जमिनीकडे वळतात. दिवसा त्यांचा पल्ला काही शे किलोमीटर असतो. सूर्य मावळल्यावर त्या थराची खालची, लहरी शोषून घेणारी बाजू विरळ होते आणि हाच पल्ला कितीतरी वाढतो. त्यामुळे मुंबईतल्या एका खोलीतून निघालेला आवाज रात्री शेकडो मैलांवरच्या साध्या रेडिओवर पकडता येत असे.

नभोवाणीचे दुसरे वैशिष्ट्य याहून महत्त्वाचे. दूरध्वनीवर एक माणूस दुसऱ्या एकाच माणसाशी बोलतो, त्यामुळे सगळे एकदम बोलू लागले की तारा अडतात. रेडिओचे तसे नाही. एक बोलतो आणि हजार ऐकतात. हजाराचे लाख झाले, तरी प्रक्षेपकावर एका कणाचाही भार वाढत नाही. शिवाय ऐकणाऱ्याचा मागमूस लागत नाही. बोलणाऱ्याचा मात्र लागतो.

चळवळीचे निरोपे देशभरातून बातम्या आणत. चितगाववरील हवाई हल्ला, जमशेदपूरचा संप, बलियातील उठाव या बातम्या काँग्रेस रेडिओने दिल्या. आपल्या विदर्भातील चिमूर आणि आष्टी इथे ऑगस्टमध्ये जे घडले, त्याबद्दल छापायला वर्तमानपत्रे धजत नव्हती. ते या केंद्रावरून लोकांच्या कानी पडले. प्रक्षेपण इंग्रजीत आणि हिंदुस्थानीत होई. वेळ ठरलेली, लहर ठरलेली. ऐकणाऱ्याने दिवसभर यंत्राला कान लावून बसायची गरज नव्हती.

प्रक्षेपण करणाऱ्यांना मात्र उसंत नव्हती. दिशा शोधणाऱ्या यंत्राला एक गोल वेटोळ्याची एरियल असते. ती फिरवत गेले की एका दिशेला आवाज अगदी क्षीण होतो, त्यावरून लहर कुठल्या बाजूने येते ते कळते. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून अशा दोन रेषा नकाशावर काढल्या की त्या जिथे छेदतात, तिथे प्रक्षेपक. पोलीस या मार्गाने माग काढत होते. त्यामुळे केंद्राला वरचेवर बिऱ्हाड बदलावे लागे. चौपाटी, गिरगाव, मग आणखी कुठे. प्रत्येक वेळी जड यंत्र हलवायचे, लांबलचक तार नव्या जागी टांगायची आणि शेजाऱ्यांना संशय येऊ द्यायचा नाही. दुसरीकडे पोलीस प्रत्येक प्रक्षेपण शब्दशः उतरवून घेत होते. गंमत अशी, की ज्यांनी हा आवाज बंद पाडला, त्यांच्याच दप्तरामुळे त्यातला मजकूर आज वाचायला मिळतो.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पकडलेल्या एका तंत्रज्ञाने पोलिसांना जागा दाखवली. महालक्ष्मीजवळच्या बंगल्यात प्रक्षेपण चालू असतानाच दरवाजे फोडून पोलीस आत आले. वंदे मातरम्‌ची तबकडी वाजत होती. ती थांबवण्याचा हुकूम झाला. उषाबेन आणि चंद्रकांत झवेरी यांनी तो मानला नाही.

त्यानंतरचे सहा महिने चौकशीचे होते. बराच काळ त्यांना एकटीला ठेवले गेले. माहिती दिल्यास परदेशी शिक्षणाची सोय करण्याचे आमिषही दाखवले गेले. उषाबेन काहीच बोलल्या नाहीत. देशभर बातमी पोहोचवण्यासाठी जिने जिवाचे रान केले, तिने एक नावही पोलिसांच्या हाती लागू दिले नाही. १९४३ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना चार वर्षांची शिक्षा ठोठावली आणि रवानगी येरवडा तुरुंगात झाली.

एकांतवासाचा परिणाम केवळ मनावर होत नाही. झोपेचे चक्र बिघडते, भूक मंदावते, रक्तदाब वाढू शकतो, दिवस-रात्रीचे भान सुटते. तुरुंगातले अपुरे अन्न आणि कोंदट हवा यांची त्यात भर पडते. येरवड्यात उषाबेनची प्रकृती इतकी ढासळली, की त्यांना मुंबईच्या सर जे. जे. रुग्णालयात हलवावे लागले. तिथेही खाटेजवळ तीन-चार पोलिसांचा रात्रंदिवस पहारा. जरा बरे वाटताच पुन्हा येरवडा. मार्च १९४६ मध्ये त्यांची सुटका झाली. पण गेलेली प्रकृती लगेच परतली नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत स्वातंत्र्याचा सोहळा झाला, तेव्हा त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या.

पुढे त्यांनी गांधीजींच्या राजकीय आणि सामाजिक विचारांवर मुंबई विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. विल्सन कॉलेजात सुमारे ३० वर्षे अध्यापन केले. मुंबई विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या आणि १९८० मध्ये निवृत्त झाल्या. लॅबर्नम रोडवरच्या मणिभवनाचे काम त्यांनी शेवटपर्यंत पाहिले. अंगावर खादी, राहणी साधी. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळाले, तेव्हा नव्या पिढीतल्या अनेकांना त्यांच्या रेडिओची गोष्ट पहिल्यांदाच कळली.

त्या गोष्टीतले शहाणपण आजही जुने झालेले नाही. ठाण्याच्या खाडीकाठी वसलेल्या बाळकुमचेच पाहा. एकीकडे जुने गावठाण आणि पाडे, दुसरीकडे उंचच उंच मनोरे. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, की सखल भागातले पाणी उतरायला जागा राहत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबई-ठाणे पट्ट्यात ठिकठिकाणी वीज गेली, दूरध्वनी कोलमडले आणि घराबाहेर अडकलेली माणसे कुठे आहेत, हे घरच्यांना रात्रभर कळेना. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा वीजपुरवठा एकाच वेळी बंद पडला. लोकल जागच्या जागी थांबल्या. ते दिवस करोनाचे होते आणि बाळकुमच्या कोविड रुग्णालयात रुग्ण दाखल होते.

वीज गेली की टीव्ही बंद. इंटरनेटचा राउटर बंद. मोबाइलचे मनोरे काही तास बॅटरीवर चालतात, पण सगळे एकदम फोन करू लागल्याने जाळे तुंबते. अशा वेळी दोन पेन्सिल सेलवर चालणारा खिशातला रेडिओ कित्येक तास, बेताने वापरला तर काही दिवस साथ देतो. काही मोबाइलमध्येही एफएमची सोय असते. ती बहुधा वायरचा इअरफोन लावल्यावरच चालते, कारण ती वायरच एरियलचे काम करते. गाडीतला रेडिओही उपयोगी पडतो. मात्र बंदिस्त पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून तो ऐकत बसू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि गुंगी येऊन माणूस दगावतो.

ऐकायचे काय, हेही ठरलेले असावे. पाणी कुठे भरले आहे, भरतीची वेळ कोणती, कुठला रस्ता बंद आहे, पिण्याचे पाणी उकळून प्यायचे का, कोणते रुग्णालय चालू आहे. पुराच्या पाण्यातून चालावे लागले असेल, तर उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पायाला जखम असेल तर तो अधिक. अशा व्यक्तीने शक्यतो ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक औषध घ्यावे का, हे विचारावे. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी औषध वेगळे असते, म्हणून शेजाऱ्याच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. असा एक निरोप वेळेवर कानी पडला, तर कावीळ आणि मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत जाणारा आजार टळू शकतो.

ऐकायचे किती, यालाही मर्यादा हवी. बोस्टनमध्ये २०१३ च्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की पुढच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा अधिक वेळ स्फोटांच्या बातम्या पाहणाऱ्यांनी प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त तीव्र मानसिक ताण नोंदवला. तीच ती दृश्ये पुन्हा पुन्हा पाहून माहितीत भर पडत नाही. छातीतली धडधड आणि रात्रीची जाग मात्र वाढते. घरात रक्तदाबाचे किंवा हृदयाचे रुग्ण, वृद्ध आणि मुले असतील, तर टीव्ही अखंड चालू ठेवण्याऐवजी दर दोन-तीन तासांनी दहा मिनिटे बातम्या ऐकाव्यात आणि मधल्या वेळात यंत्र बंद ठेवावे. सेलही टिकतात. मोबाइलवर आलेला निरोप पुढे पाठवण्याआधी तो आकाशवाणी, दूरदर्शन किंवा महापालिकेकडून आला आहे का, हे पाहावे. कुठून आला ते कळत नसेल, तर तो आपल्यापाशीच थांबवावा.

पावसाळ्याआधी घरात एवढी तयारी पुरे: एक छोटा रेडिओ, सेलची एक न फोडलेली जोडी, विजेरी, आणि आठवड्याभराच्या नेहमीच्या औषधांबरोबर त्यांची नावे लिहिलेला कागद. रेडिओ वापरात नसेल तेव्हा सेल काढून ठेवावेत, नाहीतर त्यातला द्रव झिरपून तो नेमक्या वेळी दगा देतो. १०८, १०१ आणि ११२ हे क्रमांक त्याच कागदावर लिहून भिंतीला लावावेत.

९ ऑगस्ट २००० रोजी उषा मेहता दरवर्षीप्रमाणे ऑगस्ट क्रांती मैदानावरच्या कार्यक्रमाला गेल्या. अंगात ताप होता. घरी परतल्यावर अशक्तपणा वाढत गेला आणि दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या मैदानावरून ती चळवळ सुरू झाली, तिथली ऑगस्टमधली हजेरी त्यांनी शेवटच्या वर्षीही चुकवली नाही.