नालदेहऱ्याचा लाटसाहेब

लॉर्ड कर्झन म्हटला की बंगालची फाळणी, आणि फाळणी म्हटली की परीक्षेतील पाच गुणांची टीप. आम्हां विद्यार्थ्यांचा त्याच्याशी एवढाच संबंध. सिमल्याहून सुमारे २२ किलोमीटरवरील नालदेहऱ्यास जाण्याचा योग आला आणि तिथले गोल्फचे मैदान याच गृहस्थाने आखले असे कळले, तेव्हा हा माणूस पाठ्यपुस्तकाबाहेरही राहत होता हे मला प्रथमच जाणवले.

गोल्फ आम्हां मराठवाड्यातील मंडळींना माहीत तो सिनेमातला. नालदेहऱ्यास मात्र शुल्क भरले की कोणालाही खेळता येते. मीही भाड्याची काठी घेतली. उंची दोन हजार मीटरांवर, भोवती देवदारांची दाट राई, मधून हिरवळीचे उतार, आणि खाली खोल सतलजचे खोरे. सपाट जागा अशी नाहीच. नुसते बळ इथे कामाचे नाही. चेंडू भोकाकडे न मारता उताराच्या वरच्या अंगाला टाकावा आणि त्याला आपण होऊन ओघळू द्यावे. माझे बहुतेक चेंडू देवदारांना अर्पण झाले, ही गोष्ट वेगळी! मैदानातच माहूनागाचे देऊळ आहे. खेळणारे खेळतात, देव बघतो.

कर्झनचा जन्म ११ जानेवारी १८५९ चा, डर्बीशायरमधील केडलस्टनच्या उमराव घराण्यातला. गंमत अशी की कलकत्त्याचे गव्हर्नमेंट हाऊस याच केडलस्टनच्या वाड्याच्या धर्तीवर बांधलेले होते. व्हाइसरॉय होऊन आला तो जणू घरीच आला. विद्यार्थिदशेत त्याच्या पाठीच्या कण्याला दुखापत झाली आणि जन्मभर पोलादी पट्ट्यांच्या आधाराने त्याला वावरावे लागले. लोकांना तो ताठ वाटे. गर्व होताच, नाही असे नाही. पण त्यातला काही ताठा त्या पट्ट्यांचा होता. इराण, मध्य आशिया पालथा घालून त्याने ग्रंथ लिहिले, शिकागोच्या लक्षाधीशाची कन्या मेरी लायटर हिच्याशी १८९५ साली लग्न केले, आणि जानेवारी १८९९ मध्ये, चाळिशी पुरी होण्याआधीच, तो हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला.

सिमल्याच्या मेजवान्यांना कंटाळून तो नालदेहऱ्यास तंबू ठोकी आणि देवदारांखाली बसून कागदांचा फडशा पाडी. ही जागा त्याला इतकी आवडली की १९०४ साली जन्मलेल्या तिसऱ्या मुलीचे नाव त्याने अलेक्झांड्रा नालदेरा ठेवले. प्राचीन वास्तूंवरही त्याचा असाच जीव. ताजमहालाची डागडुजी त्याने करविली, १९०४ चा स्मारक-संरक्षण कायदा त्याचाच. सियालकोटला गोऱ्या शिपायांनी एका हिंदी स्वयंपाक्याला मारून टाकले आणि गुन्हेगार सापडेना, तेव्हा त्याने साऱ्या पलटणीच्या रजा रद्द केल्या. हेही लिहिले पाहिजे.

पण आम्ही नांदेड-लातूरकरांनी त्याचा हिशेब बंगालपासून नव्हे, वऱ्हाडापासून मांडावा. १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेले वऱ्हाड कर्झनने १९०२ साली निजामाकडून सालीना २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने लिहून घेतले. पुढे निजामाला जी.सी.बी. हा किताब मिळाला, तेव्हा त्या तीन अक्षरांचा अर्थ ‘कर्झनला बेरार दिले’ असा लावून लोक हसले. पैनगंगेच्या पलीकडे उमरखेड-पुसद इंग्रजी अमलात, अलीकडे हदगाव निजामीत. नदीच्या दोन्ही काठांना बोली मराठी. पण पलीकडची शाळा मराठी, आणि अलीकडे दरबाराची भाषा उर्दू. त्या माणसांना कोणी विचारले? पलीकडे १९४७ साली तिरंगा चढला, नांदेड-लातूरला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला.

विद्यापीठांवर सरकारी पकड बसविणाऱ्या त्याच्या विधेयकाशी गोखले कायदेकौन्सिलात झुंजले. १६ ऑक्टोबर १९०५ ला फाळणी अमलात आली, आणि त्याच वर्षी बनारस काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून गोखल्यांनी कर्झनच्या कारभाराची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी केली. आमच्या खुलदाबादेत त्या औरंगजेबाच्या साध्या कबरीभोवती जी संगमरवरी जाळी आहे, ती कर्झनच्याच सूचनेवरून निजामाने बसविलेली! दगडाची एवढी कदर करणाऱ्याला बंगाली माणसाचे मन मात्र नकाशावरच्या रेघेहून मोठे वाटले नाही.

सेनापती किचनेरशी बिनसले आणि १९०५ साली तो राजीनामा देऊन परतला. १९०६ मध्ये मेरी वारली. १९११ साली फाळणीही रद्द झाली. पुढे तो परराष्ट्रमंत्री झाला. १९२३ साली पंतप्रधानपद अगदी हाताशी आले असता ते बाल्डविनकडे गेले. २० मार्च १९२५ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. नालदेहऱ्याचे नाव लावणाऱ्या मुलीचा त्या दिवशी एकविसावा वाढदिवस होता.